चालले तर जातील

४ डिसेंबर
आदिलाबादला जाऊन आलो. मामाजींना ऑटोत बसवायला शेजारचे दोघं लागले. पाय सुजून ढोल. डॉक्टरनं बोटानं दाबलं तर खड्डा पडला, तो भरेचना. सगळं तपासलं. छाती ठीक, बाकी वयाप्रमाणं. हिंदीत म्हणाला, "बीमारी नहीं है अम्मा. बैठे रहेंगे तो बैठे ही रह जाएँगे. चलाओ इनको."
कोणी चलाओ, ते नाही सांगितलं.
विलासभाऊजी दवाखान्यात आले होते, ऑफिसातून सुट्टी काढून. मामाजींचा धाकटा, माझा दीर, तिथंच असतो. आता एकुलता.
पोळा झाल्यावर हे गेले. तेरवी झाली, पाहुणे गेले आणि मामाजी ओसरीतल्या खाटेवर बसले ते बसलेच. न्हाणीपुरतं उठतात, भिंत धरून. मी काही वेगळं करत नाही. ते ओसरीत, मी सैपाकखोलीच्या उंबऱ्यात. दिवस जातो.

६ डिसेंबर
थंडी फार. पाणी तापवलं. भाकर, वांग्याची भाजी.
मामाजींना (इथून पुढं मा. लिहिते, बोटं आखडतात) म्हटलं, डॉक्टरनं चालायला सांगितलं. भिंतीकडं तोंड केलं त्यांनी.
लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, आमचं समोरासमोर बोलणं नाही. यांच्यामार्फत, नाहीतर हवेत. "चहा झाला असन तर आणा म्हणा." अजून तसंच म्हणतात. कोणाला म्हणा? घरात दोघंच.

९ डिसेंबर
विलासभाऊजींचा फोन. "वहिनी, बाबा चालायले लागले काय? माझं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना चढता आला पाहिजे, मग मी घेऊनच येतो. संक्रांतीनंतर पाहू."
संध्याकाळी ज्योतीचा, यवतमाळहून. तिची सासू अंथरुणाला, पोरगी लहान, शाळेची नोकरी. "आई, आजोबा काकाकडं गेले की तू इकडंच ये. तिथं एकटी काय करशील?"
तेरवीच्या दिवशी दोघा काका-पुतणीनं ठरवलेलं आहे हे. मला विचारलं होतं बहुतेक. मी बरं म्हटलं असेल.
आज पण बरं म्हटलं.
मा.ना कोणी सांगितलेलं नाही. मी सांगावं असं सगळ्यांनी धरलेलं आहे.

११ डिसेंबर
उपकेंद्रातली सिस्टर आली. तेलुगू मुलगी, मराठी मोडकी, आवाज मोठा. "तातय्या, नडवाली! चालाचं! बसून काय भेटते?" सरळ बगलेत हात घालून उठवलं. आणि मा. उठले! अंगणात तुळशीपर्यंत जाऊन आले तिच्या हाताला धरून.
जाताना मला म्हणाली, रोज करायचं, खुर्चीवरून उठायचं-बसायचं, चौकट धरून टाचा उचलायच्या, मग चालायचं. "तुमी पण करा अम्मा. तुमचे पाय पण बसलेले हाय."
मी हसले बहुतेक. आठवत नाही.

१२ डिसेंबर
सिस्टर रोज थोडीच येणार. मी हात पुढं केला. मा.नी बघितला पण नाही. "सुनेच्या हातानं चालाची पाळी आली काय. नाई म्हणा."
चूक नाही त्यांचं. मी त्यांच्या पायांना हात लावला तो सणावारी, नमस्कारापुरता.
दोरीवरचा त्यांचा दुपट्टा काढला, खांद्यावर टाकतात तो. एक टोक त्यांच्या हातात दिलं, एक मी धरलं. मी पुढं, ते मागं. अंगणभर फिरलो.
कौसल्याबाई भिंतीवरून बघत होती, शेजारीण. "काय व निर्मला, बैल धरला काय?"
मा. तिथंच थांबले. दुपट्टा सोडला. भिंत धरत धरत खाटेवर. जेवले नाहीत.
कौसल्याबाई वाईट नाही. तिला वाटलं घरात कोणीतरी हसावं.

१४ डिसेंबर
बसून आहेत.

१६ डिसेंबर
आज चालायचं नावच काढलं नाही. खुर्ची अंगणात ठेवली, उन्हात. मीच बसले, उठले. बसले, उठले. अंगणवाडीत नोकरीला होते तेव्हा लेकरांना करवायची तसं. नोकरी संपून दोन वर्षं झाली, सवय गेली, दम लागला, गुडघे कडाकडा वाजले. मा. ओसरीतून बघत होते.
"कंबर मोडून उठून राह्यली ते," हवेत म्हणाले. "पाय मागं घ्या म्हणा. वखराले जोर देतो तसा."
पाय मागं घेतले. सोपं गेलं.
थोड्या वेळानं खाटेचा आवाज. बघितलं तर मा. खाटेच्या पाटीला धरून उभे. बसले. परत उभे. माझ्याकडं बघायचं टाळून.


२० डिसेंबर
दुपट्टा परत हातात घेतला त्यांनीच. फाटकापर्यंत. आम्हाला बघून कौसल्याबाई घरात जाते आता, मी सांगितलं तिला.
पायाची सूज उतरली थोडी. चप्पल आत जाते.
लोक म्हणतात मी रडले नाही. ज्योती म्हणते, "आई, एकदा रडून घे." कसं घ्यायचं ते ठाऊक नाही. आत काही हलत नाही. चूल पेटते, पाणी तापते, मी असते.

२३ डिसेंबर
मा. पडले.
फाटकाबाहेर रस्त्यावर होतो. कापसाची गाडी आली, गच्च भरलेली. मा. बाजूला व्हायला लागले, मी गाडीकडंच बघत राहिले. आमचं शेत यंदा बटईनं दिलं, कापूस आमचाच होता की कोणाचा, तेवढंच बघत होते. दुपट्ट्याचं टोक हातातून कधी सुटलं कळलं नाही. धप्प आवाज आला.
धावले. बगलेत दोन्ही हात घातले आणि उचललं. किती हलके झालेत. हाडं नुसती. त्यांच्या अंगाला तंबाखूचा आणि उन्हाचा वास. मी जोर लावला तेव्हा माझ्याच कमरेत कळ आली, मी ओरडले.
"लागलं काय तुले?" मा. म्हणाले.
पडले ते. विचारलं मला. आणि "तुले" म्हणाले. भिंतीला नाही.
घरापर्यंत हात धरूनच आलो. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. हळद लावली.

२४ डिसेंबर
वाटलं आता बसतील. सकाळी चहा घेऊन गेले तर दारात उभे, टोपी घालून.
"चाल. ऊन निघालं."
हात त्यांनीच पुढं केला. कोपराला धरलं. दुपट्टा खांद्यावरच राहिला.

२८ डिसेंबर
शाळेपर्यंत. रस्त्यात माणसं भेटतात. "बरं झालं बापा, चालते झाले." मा. मान हलवतात. थांबायचं निमित्तच पाहिजे असतं त्यांना, मलाही. माझेच पाय आधी भरून येतात.
रात्री झोप लागली मध्ये न उठता.
विलासभाऊजींना फोनवर सांगितलं, शाळेपर्यंत जातात. "वा वहिनी! कमाल केली तुमी." बरं वाटायला पाहिजे होतं.

२ जानेवारी
मारुतीच्या पारापर्यंत गेलो. म्हातारे शेकोटीला बसलेले. मा.ना बघून सगळे सरकले, जागा केली. मी लांब लिंबाखाली उभी. किती दिवसांनी त्यांचा मोठा आवाज ऐकला, कोणाला तरी बियाण्यावरून बोलत होते.
मग एक जण म्हणाला, "आता काय, आदिलाबादले जाता म्हंते पोराकडं. घर बंद करून राह्यले म्हंते."
मला ऐकू आलं. मा.नी लिंबाकडं बघितलं, माझ्याकडं. मी मान खाली घातली.
येताना हात धरू दिला नाही. काठी टेकत, एकटे, माझ्या पुढं.

३ जानेवारी
उठले नाहीत.

५ जानेवारी
उठले नाहीत. मी खुर्ची टाकली अंगणात, उठले-बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

७ जानेवारी
पाय परत सुजले. सिस्टर आली, ओरडली. तिलाही हात दिला नाही. "काय झालं अम्मा? चालत होते ना तातय्या?" मी म्हटलं, थंडी आहे.
ती गेल्यावर मा. बोलले. समोर बघून.
"चाललो का धाडता मले. बसलो तर ठेवता. असंच ना?"
म्हटलं, "हो मामाजी. असंच ठरलं."
"कोणं ठरोलं?"
"विलासभाऊजी. ज्योती."
"अन् तू?"
"मी बरं म्हटलं."
मा. म्हणाले, "त्या घराले अंगण नाई. मी गेलतो एक खेप. सकाळी सगळे आपापल्या कामाले जाते, दार लावून घेते. खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. तिथं चालून कोठं जाऊ?"
भाजी करपली होती. उठून खाली उतरवली.

८ जानेवारी
दुपारी, जेवताना:
"तुले जाचं हाय काय यवतमाळले?"
मला हे अजून कोणी विचारलं नव्हतं.
"माहीत नाही," म्हटलं.
"बरं," म्हणाले. आणखी नाही विचारलं.
खरंच माहीत नाही. ज्योतीकडं गेले तर कामाला येईन. इथं राहिले तर... इथं काय आहे? हे नाहीत. वांग्याचे वाफे वाळले. पण "जायचं आहे" असं पण आतून येत नाही. काहीच येत नाही. विहिरीत बादली सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

१० जानेवारी
सूज घोट्याच्या वर चढली. त्यांना दिसते. मला दिसते. मुद्दाम बसले आहेत. राहण्यासाठी आजारी पडून राह्यले.
मी म्हटलं, "असं बसून राहिलात तर खरंच उठता नाही येणार."
"तवा पाहू."

१२ जानेवारी, रविवार
विलासभाऊजी आले, मोटारसायकलवर, केळी घेऊन. मा. खाटेवर. "बाबा, उठून दाखवा न." मा.नी उठायचं केलं, हात थरथरवले, परत बसले. नाटक होतं. मला कळलं. मी तांब्या घेऊन उभी राहिले.
"वहिनी, तुमी तर म्हणत होत्या पारापर्यंत गेले."
"गेले होते."
माझ्याकडं असं बघितलं जसं मीच खोटं सांगितलं.
मग खाली बसले, मा.चे पाय मांडीवर घेतले आणि दाबत राहिले. सुजलेल्या पायावर बोटाचे खड्डे. दाबता दाबता रडायला लागले भाऊजी. "भाऊ होता तवा मले काही पाहावं लागलं नाही. आता मले काहीच समजत नाही, बाबा."
मा.नी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दोघं बाप-लेक रडले.
मी चहा टाकला.
जाताना म्हणाले, "राहू द्या सध्या. महिनाभरानं पाहू. पण वहिनी, असं किती दिवस?"
वाईट माणूस नाही विलासभाऊजी. घर लहान आहे, बायकोची नोकरी, पोरांचे क्लास. तरी घेऊन जातो म्हणतात. सगळे घेऊन जातो म्हणतात. कोणी वाईट नाही, म्हणूनच काही बोलता येत नाही.

१३ जानेवारी
अजून उजाडायचं होतं. मा.ची काठी वाजली. बाहेर येऊन बघते तर फाटकात उभे. पाय सुजलेले, चप्पल अर्धीच आत.
"चाल."
मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं, आणि ते राग. "मग काल काऊन नाही चालले? भाऊजी रडले तुमच्यापायी! मी खोटी पडले!" आवाज चढला माझा. सासऱ्यासमोर. कौसल्याबाईच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला.
मा. ऐकून घेत होते. मग म्हणाले, "झालं? चाल आता. थंडी वाजून राह्यली."
गेलो. शाळेपर्यंत पण नाही पोचलो, त्यांचे पाय उचलत नव्हते. परत आलो. संध्याकाळी परत गेलो.

१४ जानेवारी
संक्रांत. आम्हाला यंदा सण नाही. कौसल्याबाईनं मा.साठी तिळाचा लाडू दिला. भिंतीवरूनच. मला दिला नाही, मग थोड्या वेळानं परत आली आणि दिला.

१९ जानेवारी
रोज दोन वेळा. सूज उतरली. पारापर्यंत परत पोचतो. आता मी लिंबाखाली उभी राहत नाही. शाळेच्या पायरीवर बसते, तिथं अजून दोन-तीन जणी येऊन बसतात, सुना कामाला गेल्यावर. एकीची कंबर धरलेली, एकीला सांधे. मी त्यांना टाचा उचलायला लावलं, पायरीचा कठडा धरून. अंगणवाडीचा आवाज आपोआप निघाला माझा. त्या लाजल्या, हसल्या, इकडंतिकडं बघितलं कोणी बघते काय. केलं मात्र.
भूक लागते. आज भाकर उरली नाही.

२३ जानेवारी
ज्योतीचा फोन. रडत होती. सासूला उचलून उचलून पाठ गेली म्हणे. "आई, तू केव्हा येतेस? तिकडं आता तुझं काय आहे?"
शाळेच्या पायरीचं सांगणार होते. हसण्यासारखं वाटलं.
ती चूक नाही. माझी लेक आहे. तिची पाठ दुखते हे ऐकून काहीतरी झालं आत. लहानसं. ओळखायला वेळ लागला.

२७ जानेवारी
मा. आज एकटे पारावर जाऊन आले. मी मुद्दाम नाही गेले, फाटकात उभी राहिले. दिसेनासे झाले तेव्हा फाटकाबाहेर चार पावलं गेले. दिसायला लागले तेव्हा परत फाटकात आले.
ऐंशीच्या वर गेलेला माणूस. हळूहळू, मध्ये थांबत, पण सरळ.
विलासभाऊजींना फोनवर काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "कसे आहेत बाबा?" म्हटलं, "आहेत." आता मीही लपवालपवी करते.

३० जानेवारी
भाऊजींना कळलं. गावातून कोणीतरी सांगितलं, बेला गावच्या आठवडी बाजारात भेटलं असेल. "वहिनी, बाबा गावभर फिरून राह्यले म्हंते! मले काऊन नाही सांगितलं?" रागावलेले नव्हते, खूश होते. रविवारी येतात. ज्योतीलाही बोलावलं, ती यवतमाळहून बसनं येते. बसून एकदाचं ठरवून टाकू म्हणाले.
मी बरं म्हटलं. तोंडाला सवय झाली आहे.

१ फेब्रुवारी
संध्याकाळी चालून आल्यावर मा. ओसरीत बसले. मी कांदे चिरत होते.
मा. म्हणाले, "उद्या इलास येते."
"हो."
"चालू का बसू? तू सांग. तू म्हंशीन तसं करतो."
कांदे चिरत राहिले.
"चाललो तर मी आदिलाबादले, तू पोरीकडं. बसलो तर हे असंच. पण किती दिवस नाटक करू, एक दिवस पाय खरंच धोका देईन."
तिसरं पण एक आहे. ते मा. बोलले नाहीत, मीही नाही. मी सगळ्यांसमोर म्हणायचं, आम्ही दोघं इथंच राहतो. मामाजी चालतात, मी चालते, दोघांचं भागतं. ज्योतीला म्हणायचं, मी येऊन-जाऊन करीन, अधूनमधून येऊन राहीन. पण ते म्हणायला तसं वाटायला पाहिजे. वाटते काय मला? की मा.ना वाटते म्हणून...
ज्योतीची पाठ डोळ्यासमोर येते. मग शाळेची पायरी येते. मग काहीच येत नाही.
मा.ना म्हटलं, "सकाळी सांगते."

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळ. अजून सांगितलं नाही.
मा. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून खाटेच्या काठावर बसले आहेत. पाय खाली सोडून, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. मी शिकवलं तसे, मागं घेतलेले. उठणार की बसणार, माझ्या तोंडाकडं बघून राह्यले.
दाणे भाजून झाले. पोहे भिजत घातले चौघांचे. ज्योती पहिल्या गाडीनं निघाली असेल.
"निर्मला," म्हणाले आत्ता. नाव घेतलं नव्हतं कधी. "काय व?"
थांबा म्हटलं, आधी मी बोलते.
मोटारसायकलचा आवाज, वळणावर. भाऊजीच.
उठते.